चौथा डबा

एका गेम महोत्सवाच्या फॉर्ममधले बाकीचे सगळे रकाने भरून झाले होते. टीममध्ये किती जण, गेम कशावर चालतो, ट्रेलरची लिंक, खेळून बघायची प्रत. ‘गेमबद्दल थोडक्यात’ हा एकच रकाना मी सलग तीन रात्री रिकामा ठेवून झोपले.

आमचा गेम पिठाच्या गिरणीचा. सांगलीला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक गिरणी आहे, आता काकू चालवतात. लहानपणी दळण टाकायला जायचं काम माझ्याकडे होतं. डबा ठेवायचा, चिठ्ठी अडकवायची आणि आईनं पढवून पाठवलेलं वाक्य म्हणायचं, ‘काकू, आमचं गव्हावर टाका हं.’ कारण ज्वारीवर गहू पडला तर पहिलं ओंजळ-दोन ओंजळ पीठ मिसळून येतं आणि पोळ्या लाटताना आई गिरणीच्या नावानं बोटं मोडते. बेसनावर तांदूळ पडला तर मोदकाची उकड पिवळट. आणि उपासाचं दळण असेल तर आधीच्या धान्याचा कणही चालत नाही. ते सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या, सगळं पुसूनझाडून, सगळ्यात आधी. आमच्या गेममध्ये खेळणारा गिरणीत उभा असतो, समोर डब्यांची रांग, प्रत्येकावर चिठ्ठी. कुठला डबा कधी उपडा करायचा एवढंच त्यानं ठरवायचं.

आता हे इंग्रजीत थोडक्यात सांगा.

‘पीठगिरणी चालवण्याचा कोड्यांचा गेम’ असं लिहिलं आणि मलाच जांभई आली. चित्रं काढणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, भारतातल्या एका छोट्याशा गावात, अशी सुरुवात कर. त्यांना आवडतं.’ मी म्हटलं, सांगली तुला छोटंसं गाव वाटतं? म्हणाला, ‘मला नाही गं. त्यांना वाटेल.’ आवाजाचं काम करणारी आमची मैत्रीण हेडफोन लावून पट्ट्याचा आवाज कापत बसली होती. तिनं हेडफोन न काढताच सांगितलं, ‘दुसऱ्यांच्या पिठात तुमचं पीठ मिसळू देऊ नका, असं लिही.’ तेच लिहिलं. पूर्ण गेममध्ये त्याहून बरं वाक्य आम्हाला सुचलं नव्हतं, हे नंतर कळलं.

फॉर्म होता इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा. सगळे आयजीएफ म्हणतात. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय गेम करणाऱ्यांसाठी हा महोत्सव १९९८ साली सुरू झाला. पुरस्कार दर मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला देतात, तिथे गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स भरते त्याच आठवड्यात. माइनक्राफ्टला २०११ साली इथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं होतं, २०१४ साली ‘पेपर्स, प्लीज’ला. प्रवेश शुल्क डॉलरमध्ये. ते दाजींच्या कार्डावरून भरलं. माझी थोरली बहीण आणि दाजी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. दाजींनी फोनवर विचारलं, ‘बक्षीस किती?’ म्हटलं, ते सोडा, पावती जपून ठेवा.

आयजीएफच का, असं पुण्यात बऱ्याच जणांनी विचारलं. गेमचे पुरस्कार म्हटले की लोकांना लॉस एंजेलिसचा तो झगमगाट आठवतो, द गेम अवॉर्ड्स. मलाही तेच आठवायचं. २०२०च्या डिसेंबरात मी तो सोहळा पहाटे उठून पाहिला होता, कारण पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनात होता. कोरोनाचं वर्ष, प्रेक्षकांविना कार्यक्रम, आणि आपल्या शहरात बसून केलेल्या गेमचं नाव त्या यादीत! बक्षीस ‘फास्मोफोबिया’ला गेलं. तरी त्या दिवशी मी चहा दोनदा केला आणि नोकरी सोडायचं नक्की केलं. घरी मात्र सांगायला पुढं आठ महिने लागले.

पण त्या सोहळ्यात तुम्ही अर्ज टाकून शिरत नाही. जगभरातल्या शंभरावर माध्यमसंस्थांचं परीक्षक मंडळ असतं, त्यांच्या मतांना नव्वद टक्के वजन, लोकांच्या मतांना दहा टक्के. म्हणजे आधी गेम गाजायला हवा, मग यादी. आमचा गेम आमच्या तिघांशिवाय चौदा जणांनी खेळलेला होता, त्यातले पाच नातेवाईक. आयजीएफमध्ये अर्धवट गेमही चालतो. तो शेकडो परीक्षकांमध्ये वाटला जातो. त्यातले बरेच जण स्वतः गेम करणारे. ते खेळून शिफारशी करतात, मग चित्र, आवाज, रचना, कथन अशा प्रत्येक विभागाची वेगळी ज्युरी बसते आणि अंतिम नावं काढते. नाव नाही आलं तरी परीक्षकांचे अभिप्राय निनावी का होईना, तुमच्यापर्यंत पोचतात. ओळखपाळख नसलेल्या माणसानं आपला गेम बसून खेळणं, ही आमच्यासाठी पैसे भरून घेण्याजोगी गोष्ट होती.

खरा पोटात गोळा वेगळ्याच कारणानं होता. २०२३च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी ‘वेन्बा’ बाजारात आला होता. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा, एका तमिळ कुटुंबाचा गेम. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं जोडपं, आईनं दिलेली पाककृतींची वही, फाटलेली, डाग पडलेली. पुसलेल्या ओळी आपण ओळखायच्या आणि पदार्थ करायचा. पहिलाच पदार्थ इडली. मी तो एका बैठकीत संपवला, दीड तास लागला असेल, आणि लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. गेम फार सुंदर होता आणि मला फार राग आला होता. चुलतभाऊ म्हणाला, ‘झालं. एका वर्षात दोन देशी स्वयंपाकघरं कोण घेतंय?’ मी त्याला गिरणी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे यावर दहा मिनिटं ऐकवलं. पण पटत मलाही नव्हतं.

नावाबद्दल सांगायचं राहिलं. वेण्बा हा तमिळमधला जुना छंद आहे, आणि गेममधल्या आईचंही ते नाव. आपल्याकडे मुलीचं नाव ओवी ठेवतात ना, तसंच. हे कळलं तेव्हा आमच्या आवाजवाल्या मैत्रिणीनं लगेच मुद्दा काढला: बघ, त्यांनी छंद नावातच घेतला आणि आपण दळणाचा गेम करून त्यात एकही ओवी नाही. तिला पहिल्यापासून जात्यावरच्या ओव्या घालायच्या होत्या. मी नाही म्हणत होते. ओवी जात्यावरची. विजेवर चालणारी गिरणी आली आणि बाया गायच्या थांबल्या. त्या आवाजात गाणार कोण आणि ऐकणार कोण? गिरणीत माणसं ओरडून बोलतात. मोटरचा घोंगावा, पट्ट्याची फटफट, पीठ अडलं की पन्हाळीवर लाकडानं मारलेले दोन ठोके, हेच गिरणीचं संगीत. त्या बाबतीत मी अजूनही माझ्या मतावर आहे.

फॉर्म भरून सोडल्यावर वाट बघणं सुरू झालं. आम्ही परीक्षकांना स्टीम या गेमविक्रीच्या साइटवरून गेम उघडायच्या कीज दिल्या होत्या. कुठली की वापरली गेली आणि कुठली पडून आहे, ते आपल्याला तपासता येतं. बोर्डाच्या निकालाची साइट उघडावी तशी मी रोज सकाळी ती उघडायची. आठवडाभर काही नाही. मग एक. मग तीन. दिवाळीपर्यंत अकरा.

त्याशिवाय आम्ही गेममध्ये एक छोटा मोजणारा ठेवला होता: खेळणाऱ्यानं गेम बंद केला तेव्हा तो कितव्या डब्यावर होता, एवढंच कळवणारा. ही माझीच कल्पना, आणि तिचा झाला तितका पश्चात्ताप मला दुसऱ्या कशाचा झाला नाही. अकरापैकी सात जण चौथ्या डब्यापाशी थांबले होते.

चौथा डबा उपासाचा. तोपर्यंत तीन डबे होतात, गहू, ज्वारी, तांदूळ, आणि चुका झाल्या तरी निभावतं. चौथ्या डब्यावर चिठ्ठी असते ‘वरई + साबुदाणा’. नेहमीसारखा तो रांगेत आला म्हणून टाकला की पीठ घ्यायला आलेली आजी डबा तिथेच ठेवून निघून जाते, आणि त्या दिवसाचा खेळ संपतो. आमच्या चौदाही जणांना ते कळलं होतं. नातेवाईक तर हसले होते. वरई आणि साबुदाणा एका डब्यात, म्हणजे उपास, म्हणजे सगळ्यात आधी. मराठी घरातल्या दहा वर्षांच्या पोराला कळेल. ते कळत नाही असा माणूस आम्ही कधी समोर बसवलाच नव्हता.

डिसेंबरात द गेम अवॉर्ड्स पुन्हा पहाटे पाहिले. ‘वेन्बा’ पदार्पणाच्या यादीत होता, बक्षीस ‘कोकून’ला गेलं. त्या वर्षी विजेत्यांना बोलायला इतका कमी वेळ होता की समोर ‘आवरतं घ्या’ अशी पाटी यायची, आणि त्यावरून नंतर बराच गहजब झाला. चार-पाच वर्षं राबलेला माणूस मंचावर येऊन अर्ध्या वाक्यात परत जातो आणि पुढच्या गेमची जाहिरात सुरू होते, हे बघून माझी एक हौस तरी फिटली.

जानेवारीत आयजीएफची नावं आली. आमचं नव्हतं. नसणार हे सात जणांनी आधीच सांगितलं होतं, तरी यादी मी दोनदा वाचली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. ‘वेन्बा’ होता.

अभिप्राय आले तेव्हा आम्ही तिघं ऑफिसमध्ये होतो. ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधला वन आरके, त्यातला आर आवाजवालीकडे आणि के आमच्याकडे. चुलतभावानं मोठ्यानं वाचले. एकानं लिहिलं होतं की गिरणीचा आवाज सुरू ठेवून आपण वीस मिनिटं काही न करता बसलो. आवाजवाली लाजून पाणी आणायला गेली. एकाला चित्रांमधली उन्हाची तिरीप आणि त्यात उडणारं पीठ आवडलं. आणि मग एक लांबलचक अभिप्राय, शांत, सभ्य, आणि म्हणूनच जास्त लागणारा. त्याचा आशय असा: गेमनं मला तीन वेळा सांगितलं की चूक चालते, आणि चौथ्या वेळी न सांगितलेल्या नियमासाठी शिक्षा केली. म्हातारी चिडली हे दिसलं. का चिडली ते कळलं नाही. माझ्याशीच भांडण असल्यासारखं वाटलं.

‘सोपं आहे,’ चुलतभाऊ म्हणाला. ‘चौकट टाकू. उपास म्हणजे काय, त्यात काय चालतं. दोन ओळी.’

‘आणि वरई म्हणजे काय?’

‘त्याची वेगळी चौकट.’

आमच्या गेममध्ये आधीच अशा एकोणीस चौकटी होत्या. भाजणी म्हणजे काय, पायली म्हणजे काय, सगळं. ‘छोट्याशा गावात’ला मी नाक मुरडलं होतं खरं, पण त्या एकोणीस चौकटी मीच लिहिल्या होत्या. जिथे गरज नव्हती तिथे आम्ही शाळा घेत होतो आणि जिथे माणूस अडणार होता तिथे गप्प होतो. हे आज इतक्या सरळ सांगता येतंय. त्या दिवशी फक्त भांडण झालं आणि वडापाव थंड झाले.

मार्चमध्ये मी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. व्हिसा आधीचाच होता, बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळचा, आणि तिकीट आई-बाबांनी ‘ताईकडे जाऊन ये’ या नावाखाली काढलं. कॉन्फरन्सचा सगळ्यात स्वस्त पास घेतला, वन आरकेचं दोन महिन्यांचं भाडं गेलं. दाजींना कळेना. ‘तुमचं नाव नाही म्हणतेस, मग जातेस कशाला? बोलावणं नसताना लग्नाला गेल्यासारखं.’ ताई म्हणाली, ‘जेवण चांगलं असतं तिथे लोक जातातच की.’

फ्रीमाँटहून बार्टनं, म्हणजे तिथल्या लोकलनं, पॉवेल स्टेशन, तिथून चालत कॉन्फरन्सचं मॉस्कोनी सेंटर. सगळ्यांच्या गळ्यात पास आणि पाठीवर सॅक, वारीत शिरल्यासारखं वाटलं. फक्त त्या वर्षी चेहरे उतरलेले होते. वर्षभर गेम उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि रांगेत भेटणारा प्रत्येक तिसरा माणूस ‘सध्या शोधतोय’ म्हणत होता. त्याच आठवड्यात शेजारच्या येर्बा बुएना बागेत लोक ठरवून जमले आणि सगळ्यांनी मिळून पोटभर किंचाळून घेतलं. घोषणा नाहीत, मागण्या नाहीत, नुसती किंकाळी. मला ते नंतर कळलं. आधी कळतं तर गेले असते, चौथ्या डब्याच्या नावानं.

प्रदर्शनात आयजीएफच्या अंतिम फेरीतल्या गेमांचा वेगळा भाग असतो. टेबलं, पडदे, हेडफोन, आणि प्रत्येक टेबलामागे गेम करणारा माणूस उभा. सकाळी मी रांग लावून खेळत सुटले. दुपारी खेळणं सोडलं आणि खेळणाऱ्यांच्या मागे उभी राहिले. हे जास्त कामाचं निघालं. खेळणारा अडला की बहुतेक करणाऱ्यांचा हात आपोआप पुढं येतो, ‘ते निळं दाबा’ सांगायला. एक बाई होती, तिनं दोन्ही हात खिशात घातले होते. समोरचा मुलगा अडला, तिनं काही केलं नाही. तो वैतागला, ती हलली नाही. दीड-दोन मिनिटांनी त्याला पडद्यावरच्या कोपऱ्यातलं काहीतरी दिसलं, त्यानं ‘अच्छा!’ अशा अर्थाचा आवाज काढला आणि तिनं खिशातून हात काढून स्वतःच्याच वहीत खूण केली. मी तिथे सव्वा तास उभी होते. शेवटी तिनंच विचारलं, खेळायचंय का. मी नाही म्हटलं, आणि तिला गिरणीचं सांगितलं. इंग्रजीत, धडपडत. चौथ्या डब्याचंही सांगितलं. तिनं एकच विचारलं: त्या म्हातारीच्या आधी रांगेत कोण असतं?

मी म्हटलं, कोणी नाही. रांग फक्त डब्यांची आहे.

त्याच दिवशी, बुधवारी, २० मार्चला संध्याकाळी पुरस्कार. तिथे पास गळ्यात असेल त्याला आत जाता येतं, निमंत्रण लागत नाही. दाजींना हे मी दोनदा सांगितलं होतं. आधी आयजीएफ आणि त्याला लागूनच गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्स. पहिला छोट्यांचा, दुसरा सगळ्यांचा. पुढच्या भागात नामांकनवाले, मागे आम्ही वऱ्हाडी. हॉल एवढा मोठा की मंचावरचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो, बघायचं ते पडद्यावर. माझ्या एका बाजूला ब्राझीलचा मुलगा होता, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. तिच्यावर मी सॅक ठेवली, त्यात ताईनं दिलेल्या दोन पोळ्यांचा रोल.

काही विभाग झाले. दर नावाला त्या त्या टेबलावर एक छोटा स्फोट व्हायचा, खुर्च्या सरकायच्या, कुणीतरी पायऱ्यांवर धडपडायचं. इथे पाटी वगैरे दिसली नाही. एक जण कागद विसरून आला होता, तो फोनवर शोधेपर्यंत अख्खा हॉल शांत थांबला.

शेवटी सर्वोच्च बक्षीस, शेमस मॅकनॅली ग्रँड प्राइझ. नाव मी वर्षानुवर्षं वाचत आले होते, माणूस कोण ते त्या प्रवासात विमानात वाचलं. कॅनडाचा मुलगा, घरच्या माणसांबरोबर छोटी कंपनी चालवायचा. ‘ट्रेड मार्क्स’ नावाचा रणगाड्यांचा गेम त्यानं केला आणि मार्च २००० मध्ये या महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस त्याला मिळालं. त्याला कर्करोग होता. बक्षीस घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत तो गेला, एकविसाव्या वर्षी. आपल्या शाळांमधून ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी फिरती ढाल असते आणि ते अमुक कोण हे ढाल उचलणाऱ्या मुलाला माहीत नसतं. मंचावर ते नाव उच्चारलं गेलं तेव्हा मला शाळेच्या गॅदरिंगमधलं ते काचेचं कपाट आठवत होतं.

आणि मग, ‘वेन्बा’.

मी टाळ्या वाजवल्या. खऱ्या वाजवल्या की कसं, हे स्वतःला विचारायला जरा वेळ गेला. हॉलभर त्या एका शब्दाचे उच्चार चालले होते, वेन्बा, वेनबा, व्हेन्बा, आणि कुणाचंही त्यावाचून अडत नव्हतं. मंचावरच्या पडद्यावर गेमची दृश्यं होती. त्यात इडलीचं होतं की नाही, सांगता येत नाही. मला तेच दिसत होतं. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा रचायच्या हे त्या गेमनं मला सांगितलं नव्हतं. वहीचं पान फाटलेलं होतं, मी ताटल्या चुकीच्या रचल्या, इडल्या बिघडल्या, आणि गेमनं मला परत पात्रासमोर उभं केलं. शिक्षा नाही, चौकट नाही. आणि इडली म्हणजे काय, हे त्यांनी कुणालाच समजावलं नव्हतं. इथे बसलेल्या कितीतरी जणांनी आयुष्यात इडली पाहिली नसेल.

ब्राझीलच्या मुलानं विचारलं, तुमच्या देशातलं का? मी म्हटलं, शेजारच्या भाषेतलं. त्यानं पोळीचा रोल अर्धा घेतला.

चॉइस अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ‘बाल्डर्स गेट ३’ ठरला, त्याचं कुणालाच नवल नव्हतं. मी त्या वेळी पासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रांग काढत होते. डबे नव्हेत, माणसं. उपासाच्या आजीच्या पुढे एक सून, तिच्या पुढे शाळेचा मुलगा. बार्टमध्ये बसले आणि ग्रुपवर फोटो टाकला. पुण्यात गुरुवारची सकाळ, नऊ वाजून गेलेले. चुलतभावाचं उत्तर आलं: ‘ताई, म्हणजे चौदा नवीन माणसं काढायची मी?’ आणि लगेच दुसरं, ‘चालेल.’

एप्रिलमध्ये ‘वेन्बा’ला लंडनला बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांतलं पदार्पणाचं बक्षीसही मिळालं. तोवर आमच्याकडे आठ माणसं काढून झाली होती.

आता गेममध्ये दिवस उजाडायच्या आधी गिरणीच्या बंद दाराशी एक आजी येऊन बसलेली असते. इतर कोणी नसतं. दार उघडलं की ती पहिला डबा पुढं करते. तो सोडून खेळणाऱ्यानं गव्हाला हात घातला तर ती काही बोलत नाही, डब्याच्या झाकणावर हात ठेवते. गहू टाकलाच, तर झाकणावरचा हात काढत नाही, आणि तिचा डबा उचलताच येत नाही. खेळ संपत नाही. ती तशीच बसून राहते, बाकीच्यांची दळणं होत राहतात आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर येते. ‘का’ हे कुठेही लिहिलेलं नाही. चौकटी एकोणीसवरून तीनवर आल्या, त्यातलीही एक भाजणीची काढायची की ठेवायची यावर अजून वाद आहे. आयटीतली पोरं, कॉलनीतला मणिपुरी कॅफेवाला, वरच्या मजल्यावरचे जर्मन शिकवणारे सर, असे मुद्दाम शोधून तेवीस जण बसवले. मीही हात खिशात घालून उभी राहायला शिकले. सलवारीला खिसे नसतात, म्हणून जीन्स घालून. तेवीसपैकी एकवीस जण दुसऱ्या दिवशी आजीकडे आधी गेले. उपास हा शब्द त्यातल्या बहुतेकांना अजून माहीत नाही.

गणपतीत सांगलीला गेले तेव्हा लॅपटॉप घेऊन काकूंच्या गिरणीत गेले. इतकी वर्षं त्यांना काही दाखवलं नव्हतं. आधी नीट होऊ दे, असं म्हणत राहिले होते. दुपारची वेळ, गर्दी कमी. एक ज्वारीचं दळण लागलं होतं, ते पडेपर्यंत वेळ होता. काकूंनी पदराला हात पुसले, तरी ट्रॅकपॅडवर पिठाचं बोट उमटलंच. आजी दारात दिसल्याबरोबर त्यांनी काही विचार न करता तिचा डबा घेतला. मग गहू, मग तांदूळ, बेसन सगळ्यात शेवटी. अख्खा दिवस एकही चूक न करता संपवला. असा कुणी संपवलेला मी आजवर पाहिला नव्हता. पडद्यावर पीठ उडत होतं आणि खरं त्यावर बसत होतं. मागे पीठ अडलं, त्यांनी न बघता हात मागे नेऊन पन्हाळीवर दोन ठोके मारले.

मी विचारलं, ‘कसं वाटलं, काकू?’

त्या पडद्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘चांगलं केलंयस गं. पण काटा कुठाय? वजन न करता पैसे कशाचे घेते ही बाई?’